मांड बदलणारा माणूस

मराठी भाषेच्या पागेत घोडे भरपूर आहेत. आपण कुणाला लगाम घालतो, कुणी चौखूर उधळतो, कुणी खोगीरभरती करतो. यातलाच एक शब्द म्हणजे मांड. घोड्यावर मांड ठोकली म्हणजे माणूस पक्का बसला, आता काही तो हलत नाही. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्या माणसाने आयुष्यभर या एका शब्दाचा पिच्छा पुरवला. घोडा वेगात असताना आणि समोर अडथळा आलेला असताना स्वाराने नेमकं बसायचं कसं, एवढाच त्याचा प्रश्न. त्याचं नाव फेदेरिको काप्रिली. इटलीच्या घोडदळातला कॅप्टन. अवघं ३९ वर्षांचं आयुष्य. पण आज ऑलिम्पिकमध्ये उड्या मारणारा प्रत्येक घोडेस्वार त्यानेच शिकवलेल्या मांडीने बसतो.

आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. ५०० किलोचा घोडा, ताशी ४० किलोमीटरचा वेग, पाठीवर ७० किलोचा माणूस आणि समोर छातीएवढी दगडी भिंत. पुढच्या दोन-तीन सेकंदांत चारच गोष्टी होऊ शकतात. घोडा उडी मारेल. ऐन वेळी पुढचे पाय रोवून जागीच थांबेल आणि स्वार एकटाच भिंतीपलीकडे जाईल. बाजूला सटकेल. नाहीतर धडकेल. यातलं काय होईल, हे स्वाराच्या हातावर आणि हिमतीवर ठरतं, असंच युरोपातल्या घोडदळांत मानलं जाई. काप्रिली म्हणाला, ते ठीक, पण घोड्याला काय वाटतं ते आधी बघू या की.

लिव्होर्नोचा मुलगा

काप्रिलीचा जन्म ८ एप्रिल १८६८ चा, लिव्होर्नो या बंदराच्या गावातला. तेव्हा इटली हा देश म्हणून जेमतेम सात वर्षांचा होता. रोम तर अजून इटलीत यायचंच होतं, ते १८७० मध्ये आलं. नव्या देशाला नवं सैन्य हवं होतं आणि चांगल्या घरातल्या मुलांसाठी सैन्यातली अधिकाऱ्याची नोकरी ही मानाची वाट होती. फेदेरिको लहान वयातच लष्करी शाळेत गेला, पुढे मोदेनाच्या लष्करी अकादमीतून अधिकारी होऊन घोडदळात दाखल झाला. तिथून त्याला पाठवलं पिनेरोलोला.

पिनेरोलो हे तुरिनजवळचं, आल्प्सच्या पायथ्याचं छोटं गाव. इटलीच्या घोडदळाची शाळा तिथे होती. पुण्याजवळच्या खडकवासल्याला जसं एनडीएमुळे वजन आहे, तसंच काहीसं. पिनेरोलोत शिकायचं आणि मग रोमबाहेर तोर दी क्विंतो या मैदानी शाळेत जाऊन ओढे, बांध, कुंपणं, उतार यांवरून घोडा घालायचा, असा तो अभ्यासक्रम. १८९१ मध्ये सुरू झालेली ही दुसरी शाळा म्हणजे प्रॅक्टिकलची परीक्षाच. गणवेश झकपक, घोडे उत्तम, शिस्त कडक. पण एक गोष्ट या तरुण अधिकाऱ्याला खटकत होती. इतके चांगले घोडे ऐन उडीच्या वेळी बिथरत का होते? काही थांबत, काही तोंड वर करून अंगावर येत, काही मागचे पाय अडथळ्यावर आपटून पडत. स्वाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं: घोडा हट्टी आहे.

जुनी मांड

त्या काळात उडी मारताना कसं बसायचं, हे पुस्तकात पक्कं लिहिलेलं होतं. रिकिबी लांब सोडायच्या, पाय पुढे ताणायचे आणि घोडा हवेत गेला की धड मागे झुकवायचं. लगाम हातात ताणून धरायचा, म्हणजे घोड्याचं पुढचं अंग वर उचललं जाईल आणि खाली येताना त्याला आधार मिळेल. जुन्या चित्रांत बघा, कुंपणावरून उडणाऱ्या घोड्यावर स्वार जवळजवळ आडवा पडलेला दिसतो.

यामागे तर्क होता, अगदीच अडाणीपणा नव्हता. घोड्याचे पुढचे पाय नाजूक, मागचे दणकट. मग भार मागे टाकला तर पुढचे पाय वाचतील, असा हिशोब. कागदावर तो बरोबर वाटतो. तुम्हाआम्हालाही उतारावर सायकल घालताना मागे झुकावंसं वाटतंच.

अडचण एवढीच की घोड्याने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तिथे, उघड्या हिरडीवर बसते. घोडा उडी मारतो तेव्हा त्याला मान लांब करावी लागते, कारण मान हाच त्याचा तोल सांभाळणारा दांडा. दोरावरून चालणारा डोंबारी हातातली काठी जशी हलवतो, तसा घोडा मान हलवतो. आणि नेमक्या त्याच क्षणी मागे पडलेला स्वार लगामाला लोंबकळतो. म्हणजे घोड्याने उडी मारली की तोंडात कळ. पुन्हा मारली, पुन्हा कळ. वरून स्वाराचं सगळं वजन कमरेवर आदळणार.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. जिथे दुखलं ती जागा तो विसरत नाही. चार वेळा असं झालं की पाचव्या वेळी तो थांबतो. त्याच्या बाजूने बघितलं तर तो हट्टी नाही, शहाणा आहे. आणि आपण त्याला चाबूक मारतो.

घोडा धडकतो का?

घोडदळाच्या जगात तेव्हा एक दंतकथा फार लाडकी होती. हजारो घोडे भरधाव येऊन शत्रूच्या रांगेवर आदळतात आणि माणसं पाचोळ्यासारखी उडतात, अशी. सिनेमात आजही हेच दाखवतात. प्रत्यक्षात समोर भरीव, उभी, हटायला तयार नसलेली भिंत दिसली तर घोडा बहुतेक वेळा त्यात घुसत नाही. भिंत दगडाची असो की माणसांची.

वॉटर्लूची लढाई आठवा, १८ जून १८१५. फ्रेंच घोडदळाने इंग्रजांच्या चौकोनी रचनेवर पुन्हा पुन्हा चढाई केली. संगिनी रोखून खांद्याला खांदा लावून उभे असलेले पायदळाचे सैनिक. घोडे भरधाव येत आणि अगदी जवळ आल्यावर दोन बाजूंना फाटत, चौकोनांभोवती पाण्यासारखे वाहून जात. दुपारभर हे चाललं आणि चौकोन फुटले नाहीत. उलट उदाहरण तीन वर्षांपूर्वीचं, स्पेनमधल्या गार्सिया एर्नांदेसचं. २३ जुलै १८१२ ला तिथे घोडदळाने पायदळाचा चौकोन फोडला. कसा? गोळी लागलेला एक घोडा वेगाच्या भरात थेट संगिनींवर कोसळला, रांगेत खिंडार पडलं आणि मागचे घोडे त्यातून आत शिरले. जिवंत घोडे जिथून वळत होते, तिथून मरणारा घोडा वळू शकला नाही.

धडकेचा हिशोबही भीतिदायक आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ताशी ५४ किलोमीटरने धावणारा घोडा ताठ भिंतीला धडकला, तर ते साधारण ११ मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखं आहे. हे गणित घोड्याला येत नसेल, पण लाखो वर्षं पळून जगलेल्या त्याच्या अंगाला ते ठाऊक आहे. म्हणून तो अडथळा दिसला की आधी वाट शोधतो. वरून, बाजूने किंवा मागे.

काप्रिलीला हे महत्त्वाचं वाटलं. घोड्याला धडकायचं नसतं, पडायचं नसतं. म्हणजे अडथळा ओलांडताना स्वाराचा आणि घोड्याचा स्वार्थ एकच आहे. मग दोघांत भांडण कसलं?

घोड्यालाच विचारलं

त्याने सोपी गोष्ट केली. घोड्याच्या पाठीवरून माणूस उतरवला. मोकळ्या घोड्याला अडथळ्यांवरून जाऊ दिलं आणि तो काय करतो ते बघत राहिला, फोटो काढून घेतले. कॅमेरा तेव्हा नुकताच इतका चपळ झाला होता. १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याचे लागोपाठ फोटो काढून दाखवलं होतं की दौडीत एका क्षणी चारही खूर जमिनीपासून सुटलेले असतात. त्याआधीचे चित्रकार शतकानुशतकं दौड चुकीची काढत आले होते. डोळ्यांना जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसतं, हा धडा ताजा होता.

मोकळा घोडा काय करत होता? अडथळा जवळ आला की डोकं जरा खाली घेऊन अंदाज बांधत होता. मग मान वर, मागचे पाय पोटाखाली आणि झेप. हवेत पाठीची कमान, मान पुढे लांब. आणि खाली येताना? पुढच्या पायांवर. आधी एक खूर, मग दुसरा. नेहमी. मागच्या पायांवर उतरणारा घोडा त्याला दिसलाच नाही. म्हणजे पुस्तकातला सगळा डोलारा ज्या पायावर उभा होता, तो पायाच नव्हता. निसर्गानेही पुढच्या अंगाची सोय करून ठेवली आहे. घोड्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी जोडलेले असतात. गाडीच्या सस्पेन्शनसारखे ते दणका पिऊन टाकतात.

मग काप्रिलीने उलटा विचार केला. घोडा पाठीवर माणूस नसताना जसा उडतो, तसाच माणूस असताना उडायला हवा. त्यासाठी माणसाने काय करावं? कमीत कमी लुडबुड. रिकिबी आखूड करायच्या. भार गुडघा, मांडी आणि टाचेवर घ्यायचा. घोडा झेपावला की बूड खोगिरावरून किंचित उचलून धड पुढे न्यायचं, म्हणजे आपला तोल घोड्याच्या तोलावर बसतो. हात पुढे, मानेच्या दिशेने. घोडा मागेल तितका लगाम द्यायचा. उतारावरही तेच. कड्यासारख्या उतारावरून घोडा घसरत खाली आणताना इटालियन अधिकारी पुढे झुकून बसलेले जुन्या फोटोंत दिसतात, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

वाचायला हे अगदीच साधं वाटतं. पण त्या काळात हे म्हणजे वर्गात उभं राहून, सर, तुमचं पुस्तक चुकलंय, असं म्हणण्यासारखं होतं. आणि हे सर लष्करातले.

वरिष्ठ, बदली आणि दक्षिण

विरोध होणारच होता, तो झाला. जुन्या पठडीत घोड्याला वर्षानुवर्षं रिंगणात घोटून, मान वाकवून, पावलं मोजून चालायला शिकवत. ती स्वतंत्र कला होती आणि तिचे मोठे मोठे उस्ताद होते. काप्रिलीचं म्हणणं असं की रिंगणातली स्वारी आणि रानातली स्वारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची खिचडी केली की दोन्ही बिघडतात. सैनिकाचा घोडा रानात पळणार आहे. त्याला नाचायला शिकवून काय करायचं? शिवाय सक्तीच्या भरतीतून येणारा शेतकऱ्याचा पोरगा दोन-तीन वर्षांत परत जाणार. त्याला रिंगणातली कला शिकवायला वेळ कुठे आहे? त्याला अशी मांड द्या की ती लवकर येईल आणि घोड्याला इजा करणार नाही.

मध्ये काही काळ त्याची बदली इटलीच्या दक्षिण भागात झाली. पिनेरोलो आणि रोमच्या झगमगाटापासून लांब. करिअरच्या भाषेत साइड पोस्टिंग. पण काप्रिलीच्या पथ्यावर पडली. तिथे डोक्यावर बसून बघणारं कुणी नव्हतं आणि साधे सैनिक, साधे घोडे हाताशी होते. निवडक घोड्यांवर निवडक अधिकाऱ्यांनी कसरत करून दाखवली तर लोक म्हणतात, ती त्यांची हुशारी. सामान्य घोड्यावर सामान्य सैनिकाने तेच केलं तर मान्य करावं लागतं की ही पद्धतीची ताकद आहे. रेजिमेंटच्या घोड्यांवर त्याने आपली पद्धत लावून पाहिली. घोडे थांबायचे कमी झाले, पडायचे कमी झाले.

लिहिण्याचा त्याला कंटाळा होता. तरी १९०१ मध्ये इटलीच्या घोडदळाच्या नियतकालिकात त्याने मैदानी घोडेस्वारीची तत्त्वं मांडली. त्याच्या नावावरचं छापील लेखन जेमतेम एवढंच. बाकी सगळं त्याने मैदानात, घोड्यावर बसून सांगितलं.

२ मीटर ८ सेंटिमीटर

१९०२ मध्ये तुरिनला घोडेस्वारीच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या. काप्रिली मेलोपो नावाच्या घोड्यावर उतरला आणि २.०८ मीटर उंचीचा अडथळा पार केला. आपल्या घरातल्या दाराची चौकट साधारण एवढी असते. तिच्यावरून घोडा, त्यावर माणूस. त्या काळात हा विक्रम मानला गेला. पण विक्रमाहून मोठी गोष्ट वेगळीच होती. बाकीचे स्वार मागे झुकलेले असताना इटालियन अधिकारी पुढे झुकून, सैल लगामाने, घोड्याशी न भांडता उडत होते. देशोदेशीच्या अधिकाऱ्यांनी ते पाहिलं. एका उडीने जे पटवलं, ते दहा लेखांनी पटलं नसतं.

त्यानंतर वाऱ्याची दिशा बदलली. काप्रिली पिनेरोलोला शिक्षक म्हणून परतला आणि त्याची पद्धत त्याच्या हयातीतच इटलीच्या घोडदळाने स्वीकारली.

घोड्याच्या डोळ्यांतून

काप्रिलीने डोळ्यांनी जे ओळखलं, त्यातलं बरंचसं पुढे विज्ञानाने मोजून दाखवलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, साधारण ३५० अंशांपर्यंत. पण दोन जागा सुटतात, एक शेपटीमागची आणि दुसरी अगदी कपाळासमोरची. म्हणजे झेप घ्यायच्या शेवटच्या क्षणी अडथळा त्याला नीट दिसतच नाही. काही पावलं आधी बांधलेल्या अंदाजावर तो उडतो. त्या काही पावलांत आपण लगाम खेचून त्याचं डोकं हलवलं, तर धावत बस पकडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखं होतं.

घोड्याला रंगही आपल्यासारखे दिसत नाहीत. लाल, केशरी आणि हिरवा यांत त्याला फारसा फरक कळत नाही. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत कुंपणाच्या पट्ट्या वर्षानुवर्षं केशरी असायच्या. माणसाला त्या ठळक दिसत, पण घोड्याला त्या हिरव्या गवतात मिसळलेल्या वाटत. एक्झिटर विद्यापीठातल्या संशोधनानंतर त्या पांढऱ्या करायला अगदी अलीकडे, २०२२ मध्ये सुरुवात झाली. प्रश्न तोच, काप्रिलीचा: घोड्याला काय दिसतं?

आणि कळपाचं काय? ८ एप्रिल १९६७ ची इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल शर्यत बघा. पॉपहॅम डाउन नावाच्या घोड्याचा स्वार पहिल्याच कुंपणावर पडला होता. घोडा मात्र पळायचा थांबला नाही, कळपाबरोबर मोकळाच धावत राहिला. २३ व्या कुंपणापाशी, जे त्या मैदानातल्या लहान कुंपणांपैकी एक, त्याने अचानक उडी नाकारली आणि सगळ्यांना आडवा आला. मागून येणारे घोडे एकमेकांवर आदळले. काही थांबले, काही स्वारांना पाडून मोकळे झाले, काही चक्क उलटे पळत सुटले. त्या गोंधळात बराच मागे असलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला फॉइनाव्हन हा घोडा फट शोधून पलीकडे गेला आणि शर्यत जिंकला. त्याचा भाव होता एकाला शंभर. त्या कुंपणाला आज त्याचंच नाव आहे. एक घोडा घाबरला की ती भीती किती वेगाने पसरते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

मैदानी स्पर्धांत सगळ्यात भयंकर पडणं म्हणजे घोड्याचं कोलांटी खाणं. अडथळा पक्का रोवलेला असतो. घोड्याचे पुढचे पाय गुडघ्यावर अडकतात, पाय थांबतात पण धड पुढे जातं आणि घोडा उलटून स्वारावर पडतो. उंचीपेक्षा अडथळ्याचं न हलणं इथे घात करतं. म्हणून आता अनेक पक्क्या अडथळ्यांत ठरावीक जोर बसला की तुटणाऱ्या खुंट्या बसवतात. घोडा बदलत नाही, मग अडथळा बदला. हा विचारही काप्रिलीच्याच घराण्यातला.

शेवट

ज्याने आयुष्यभर बांध, भिंती आणि कड्यांवरून घोडे घातले, त्याचा शेवट कुठल्याच अडथळ्यावर झाला नाही. १९०७ चा डिसेंबर, तुरिनमधला हिवाळा. घोडा साध्या चालीने जात असताना काप्रिली खाली पडला आणि डोक्याला जबर मार बसला. ६ डिसेंबर १९०७ ला तो गेला. वय ३९. त्या काळी स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट नसायचं, रुबाबदार टोपी असायची. वेगात घोडा आणि माणूस दोघंही सावध असतात. चालीवर असताना माणूस गाफील असतो. स्कूटरवरून कोपऱ्यावरच्या दुकानात तर जायचंय, म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

तो गेला, पण त्याची मांड राहिली. देशोदेशीचे अधिकारी पिनेरोलो आणि तोर दी क्विंतोला शिकायला येत राहिले. रशियाचा पॉल रॉडझियांको तिथे शिकला आणि पुढे आयर्लंडच्या लष्करी घोडेस्वारांना त्याने घडवलं. अमेरिकेच्या हॅरी चेंबरलिनने ही पद्धत आपल्या देशात नेली आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळवली. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये उड्यांचं वैयक्तिक सुवर्ण इटलीच्याच तोमासो लेक्विओने जिंकलं. १९४९ मध्ये चिलीच्या कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेलने उआसो या घोड्यावर २.४७ मीटरची उडी घेतली. तो विक्रम आजही अबाधित आहे.

ज्या घोडदळासाठी हे सगळं केलं, ते मात्र फार टिकलं नाही. काप्रिलीच्या मृत्यूनंतर सात वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं. काटेरी तारा आणि मशिनगन यांच्यापुढे कुठलीच मांड उपयोगाची नव्हती. घोडा रणांगणातून निघून मैदानात आला आणि काप्रिलीची पद्धत युद्धाऐवजी खेळाची झाली. आज खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट घोड्यावर बसायला शिकतात, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मुलंमुली उड्यांचा सराव करतात, २०१८ च्या आशियाई स्पर्धांत फवाद मिर्झाने भारतासाठी दोन रौप्यपदकं आणली. यांच्यापैकी कुणीही उडी घेताना मागे झुकत नाही. का झुकत नाही, असा प्रश्नही आता कुणाला पडत नाही.

एखादा विचार खरोखर जिंकला की त्याचं असंच होतं. तो इतका सवयीचा होतो की तो कुणीतरी भांडून मिळवला होता, हेच विसरलं जातं. काप्रिलीने नवा लगाम शोधला नाही, नवं खोगीर बनवलं नाही. ज्याच्यावर आपण बसलो आहोत, त्याला आपल्यामुळे काय होतंय, एवढंच त्याने नीट पाहिलं आणि जे दिसलं ते वरिष्ठांना न आवडणारं असूनही बदललं नाही. पुढच्या ऑलिम्पिकमध्ये उड्यांची स्पर्धा लागली, तर चॅनेल बदलण्याआधी दोन मिनिटं थांबा. घोडा झेपावेल त्या क्षणी स्वाराच्या हातांकडे बघा. ते मागे खेचत नसतील, मानेबरोबर पुढे जात असतील.